चालू अबोल्याचा चार्ज

हेमलता रणनवरे चार महिन्यांनी आसामहून बोरवळणला घरी परतल्या, तेव्हा दार हेमलता रणनवरे यांनीच उघडलं.

"या," दारातल्या हेमलताबाई म्हणाल्या. "चपला डावीकडे काढा. उजवीकडचा कोपरा ओला आहे, आत्ताच पुसलाय."

बाहेरच्या हेमलताबाईंनी चपला डावीकडे काढल्या. स्वतःच्या घरात चपला कुठे काढायच्या हे दुसऱ्याकडून ऐकावं लागलं याचं त्यांना जरा वाईट वाटलं, पण कोपरा खरोखरच ओला होता. त्यांच्यामागून जयसिंगराव बॅगा घेऊन आले. आतून जयसिंगराव बाहेर आले आणि त्यांनी जयसिंगरावांच्या हातातली एक बॅग घेतली.

यात वेगळं असं काही नव्हतं. बोरवळण नगरपरिषदेच्या हद्दीत घर महिन्याहून जास्त बंद ठेवता येत नाही. पूर्वी लोक ठेवत असत, आणि त्याचे परिणाम गावाने भोगले होते. एक घर बंद झालं की शेजारणीला विरजण कुणाकडे मागावं कळत नाही. समोरच्याला कुणाच्या फाटकासमोर स्कूटर लावावी सुचत नाही. हळदीकुंकवाला एक बाई कमी पडते, कट्ट्यावर एक चुकीचं मत कमी पडतं, आणि बघता बघता गल्ली खचते. म्हणून बदली विभाग निघाला. तुम्ही बाहेरगावी निघालात की विभाग तुमच्या जागी बदली माणूस देतो. तो तुमच्या नावाने राहतो, तुमच्या नावाने सांत्वनाला जातो, तुमच्या वाटची भांडणं तुमच्याच पट्टीत भांडतो. नवरा-बायको दोघंही गेले तर दोन माणसं येतात. सकाळपासून रात्री नऊपर्यंत ती एकमेकांचे नवरा-बायको असतात. नऊनंतर परकी. बदली नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपतो, बदली बायको आतल्या खोलीत, आणि दाराला आतून कडी असते.

रणनवऱ्यांच्या जागी सुमन कांडेकर आणि मनोहर टिळे यांची नेमणूक झाली होती. दोघंही विभागातली जुनी माणसं. सुमनबाई पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा. मनोहर टिळ्यांनी लग्न केलंच नव्हतं, पण नवरा म्हणून त्यांचा अनुभव दांडगा होता. गावातल्या बऱ्याच बायकांच्या मते ते या कामात कायमच्या नवऱ्यांपेक्षा बरे होते.

जयसिंगराव साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि निवृत्त झाल्यावरही केमिस्टच राहिले होते. पाण्याच्या भांड्यावर झाकण, झाकणावर फडकं, आणि फडकं कुणी हलवलं तर चौकशी. घरात ते शब्द मोजून वापरत. "चहा." "पेपर." "दिवा." हेमलताबाईंना एवढ्या शब्दांत संसार करायची सवय झालेली होती.

पण आसामात जयसिंगराव बोलायला लागले होते. हेमलताबाईंचे भाऊ तिकडे एका चहाच्या मळ्यावर डॉक्टर होते आणि दिवसभर दवाखान्यात असत. मराठी समजणारं दुसरं माणूस आसपास नव्हतं. आधी काही दिवस जयसिंगराव गप्प बसले, मग त्यांना ते सोसेना. माजुली बेटावर जाताना होडीत ते जे बोलायला लागले, ते ब्रह्मपुत्रा संपेपर्यंत थांबले नाहीत, आणि ब्रह्मपुत्रा काही लहान नदी नाही. त्यांच्या एका आत्याबद्दल ते बोलले, जिला कुणी हसलेलं आवडत नसे. लग्नाच्या दिवशी आपण हेमलताबाईंकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे का बघत होतो, तेही त्यांनी सांगितलं. खांब तिरका होता. हेमलताबाईंना वाटलं, चला, उशिरा का होईना, नवरा सुरू झाला. परतीच्या गाडीत त्यांना एकच काळजी होती, की घरी गेल्यावर हा माणूस पुन्हा बंद पडू नये.

सुमनबाईंनी चार्ज स्वयंपाकघरात दिला.

"गॅस नुकताच बदललाय," त्या म्हणाल्या. "धुणंभांड्याच्या बाईला दांड्यांवरून बोलून झालंय, तुम्ही परत बोलू नका, ती दोनदा ऐकून घेत नाही. विरजण चांगलं आहे. तुमची कंबर दुखते."

"माझी कंबर दुखत नाही," हेमलताबाई म्हणाल्या.

"इथली दुखते. संक्रांतीपासून. हळदीकुंकवाला सतरंजीवर बसवत होते तासतासभर, मग मला दुखवावी लागली. थोडे दिवस दुखू द्या आणि मग हळूहळू कमी करा. एकदम थांबवलीत तर लोक काय म्हणतील."

हेमलताबाईंनी कंबरेवर हात ठेवून बघितला. "आणखी काय?"

"शशिकलावहिनींशी बोलणं सुरू झालंय."

हेमलताबाई खाली स्टुलावर बसल्या. शशिकला माने म्हणजे त्यांच्या शेजारीण. स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. पूर्वी एकदा गच्चीत हेमलताबाईंच्या कुरडया वाळत होत्या आणि शशिकलावहिनींनी तिथेच गादी झोडपली. कापूस कुरडयांवर बसला. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या, आणि हा अबोला दोघींनी फार काळजीने सांभाळला होता. दिवाळीतसुद्धा त्याला सुट्टी नव्हती.

"इतक्या वर्षांचा अबोला," हेमलताबाई म्हणाल्या, "तुम्ही मोडलात?"

"मी नाही मोडला. त्या इंदूरला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यांच्या जागीही बदली बाई होती. ती बिचारी नवीन. पहिल्याच दिवशी विरजण मागायला आली. नाही कसं म्हणणार? मग मिटलंच. शशिकलावहिनी परत आल्यावर त्यांना ते मिटलेलंच मिळालं. रोज बोलतात माझ्याशी. दात आवळून, पण बोलतात."

"आणि आता मी बोलायचं?"

"चार्जमध्ये आहे ते." सुमनबाईंनी ओटा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "आणि एक राहिलं. साहेबांशी बोलणं बंद आहे."

"कुठल्या साहेबांशी?"

"तुमच्या. म्हणजे टिळे जे होते त्यांच्याशी. मंगळवारी भांडण झालं, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. आता ते तुम्ही पुढे चालवायचं."

"कशावरून भांडण झालं?"

सुमनबाईंनी फडकं पिळलं, झटकलं आणि नळावर टाकलं. "कारण चार्जमध्ये येत नाही," त्या म्हणाल्या.

हेमलताबाई बाहेर आल्या. बाल्कनीत दोन जयसिंगराव हात मागे बांधून शेजारी शेजारी उभे होते. मनोहर टिळे हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते आणि जयसिंगराव मान हलवत होते. मग मनोहर टिळे बाजूला झाले.

"अहो, ऐकलंत का," हेमलताबाई हसत म्हणाल्या, "माझी कंबर दुखते म्हणे."

जयसिंगरावांनी हॉलमध्ये येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पान जुन्या महिन्यावरच राहिलं होतं. ते त्यांनी उलटलं, खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. त्यांनी चार्ज घेतला होता.

नियम होता हे हेमलताबाईंना माहीत होतं, आणि हा माणूस नियमाचा होता हेही. पण इतक्या तत्परतेने? चार महिने बोललेला माणूस एका मिनिटात, चहासुद्धा न घेता, गप्प होऊ शकतो, आणि गप्प झाल्यावर बसायची त्याची ती जुनी पद्धत, डावा पाय उजव्यावर, तिला जराही गंज चढलेला नसतो, हे बघून त्यांना रडू आलं. पण घरात पाहुणे होते.

पाहुणे म्हणजे तीच दोघं. चार्ज दिल्यावर बदली माणसांना काही दिवस घरीच थांबावं लागतं, कायमच्या माणसाला कुठे अडलं तर विचारता यावं म्हणून. त्यामुळे जेवायला चौघं बसत. जयसिंगराव हेमलताबाईंशी बोलत नसत. "भाजीत मीठ कमी आहे असं सांगा," ते मनोहर टिळ्यांना म्हणत. "भाजीत मीठ कमी आहे," मनोहर टिळे हेमलताबाईंना सांगत. "पुढ्यात आहे म्हणावं," हेमलताबाई म्हणत. आसामहून आणलेलं बांबूच्या कोंबांचं लोणचं पानात वाढलेलं असे. त्याच्या वासाबद्दल प्रत्येकाचं काहीतरी मत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

गल्ली मात्र खूश होती. आल्या आल्या दोघांनी अबोला धरला म्हणजे प्रवास मानवला, असं कट्ट्यावर ठरलं. स्टेशनवरून येताना रिक्षात दोघं गप्पा मारत होते, हे काही जणांनी पाहिलं होतं आणि त्यांना ते ठीक वाटलं नव्हतं.

शशिकलावहिनी जिन्यात भेटल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या.

"आले," हेमलताबाई म्हणाल्या.

"बरं वाटलं."

"मलाही."

दोघींनी वरखाली बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"हे मी सुरू केलेलं नाही," शशिकलावहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. "ती माझी बदली. मी असते तर मेले असते पण तुमचं विरजण लावलं नसतं."

"आणि मी दिलं नसतं."

"तेच म्हणते मी."

कापूस उडाल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्यामुळे दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं. जायचं सोडून शशिकलावहिनी कठड्याला टेकल्या.

"तुमच्या कंबरेला आता कसं आहे?"

"दुखतेय," हेमलताबाई म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही. "वहिनी, कंबरेचं सोडा. आमचे हे माझ्याशी बोलत नाहीत. ना कारण माहीत, ना काही. आणि गंमत अशी, की सुमनबाईसुद्धा टिळ्यांशी बोलत नाहीत. चार्ज देऊन झालाय, आता त्यांनी अबोला धरायचं काही कारण नाही. तरी त्या त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. काल ते पाणी मागत होते तर त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं."

शशिकलावहिनींनी डोळे बारीक केले. "म्हणजे एकाच भांडणावर दोन अबोले चालू आहेत?"

"दोन."

"हे चालत नाही," शशिकलावहिनी म्हणाल्या. "गुळवण्यांना बोलवा."

गुळवणी बदली विभागाचे पर्यवेक्षक होते. ते दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आले, कारण चौकशीला ते नेहमी चहाच्या वेळेला येत. त्यांना चिवडा दिला. त्यातले शेंगदाणे त्यांनी आधी वेगळे काढून खाल्ले आणि मग चौघांना समोर बसवलं. शशिकलावहिनी वाटीभर साखर परत करायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"तक्रार गंभीर आहे," गुळवणी म्हणाले. "एका भांडणावर एकच अबोला मंजूर आहे. तो एकतर घराचा असतो, नाहीतर माणसांचा. भांडण ड्युटीवर झालं असेल तर ते रणनवऱ्यांचं. नऊनंतर झालं असेल तर तुमचं खासगी, ते तुम्ही बरोबर घेऊन जायचं. टिळे, भांडण कधी झालं?"

"जेवताना," मनोहर टिळे म्हणाले.

"जेवायला कधी बसलात?"

"वाढलं तेव्हा नऊ वाजायचे होते," सुमनबाई म्हणाल्या. "आवरलं तेव्हा वाजून गेले होते."

"मग भांडण भाजीच्या वेळचं की भाताच्या?"

"ताकाच्या."

"आणि नऊ कधी वाजले?"

सुमनबाईंनी आठवून बघितलं. "ताकातच वाजले," त्या म्हणाल्या.

जयसिंगराव खुर्चीत पुढे सरकले. "आमचं घड्याळ पुढे आहे," ते गुळवण्यांना म्हणाले. "ते मुद्दाम पुढे ठेवलेलं आहे."

"किती पुढे?"

"ते मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर उपयोग राहत नाही."

गुळवण्यांनी चिवड्याची बशी बाजूला ठेवली. "वेळेवरून काही निघत नाही. मग शब्दांवर जाऊ. टिळे, तुम्ही काय म्हणालात ते जसंच्या तसं सांगा."

मनोहर टिळे तळहाताकडे बघत बसले. इतकी वर्षं इतक्या घरांत नवरा राहिलेला माणूस, पण त्या क्षणी तो कुणाचाच नवरा वाटत नव्हता. "परत जाण्याबद्दल काहीतरी बोललो," ते म्हणाले. "असंच काहीसं."

"काहीसं चालत नाही."

"मी सांगते," दारातून शशिकलावहिनी म्हणाल्या. "आमची खिडकी समोरच आहे, आणि मी काही कान झाकून बसत नाही. ते म्हणाले, 'अगं सुमन, ही माणसं परत नाही आली तर किती बरं होईल.'"

ही माणसं म्हणजे आपण, हे हेमलताबाईंच्या लक्षात आलं. आपण कायमचे आसामात राहावं असं आपल्याच डायनिंग टेबलावर आपलंच ताक पिताना कुणीतरी म्हणालं होतं. खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांची नजर सुमनबाईंवर गेली. सुमनबाईंचे कान लाल झाले होते.

"'अगं' ड्युटीतलं आहे," गुळवणी सावकाश म्हणाले. "ड्युटीवर बायकोला 'अगं' म्हणायचं, तसा नियमच आहे. पण 'सुमन' ड्युटीतलं नाही. ड्युटीवर त्या हेमलता. टिळे, तुम्ही एकाच वाक्यात दोन्ही वापरलंत."

"हो," मनोहर टिळे म्हणाले.

"इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं झालं नव्हतं."

"नव्हतं झालं."

"बाई, मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणाले, लोकांच्या घरात बसून असं बोलू नये. त्यांचं घर आहे, ते येणारच." सुमनबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, गॅस नुकताच बदललाय म्हणाल्या तसा. "आणि मग मी बोलले नाही."

"राग घराबद्दल बोलले म्हणून आला?"

"चार महिने इथे हेमलता होते," सुमनबाई म्हणाल्या. "मी या गावात सगळ्यांची नावं लावलीत. शिंपीण झाले, मुख्याध्यापिका झाले, एकदा तर दोन महिने नगराध्यक्षांच्या सासूबाई होते. माझं स्वतःचं नाव घेऊन कुणी हाक मारली त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. यांनी मारली. आणि हाक मारून बोलले काय, तर दुसऱ्यांच्या घराबद्दल."

हेमलताबाई उठल्या आणि सगळ्यांचे चहाचे कप गोळा करायला लागल्या. त्यात अजून चहा होता.

गुळवण्यांनी निकाल तिथेच दिला. "भांडणाचे दोन भाग करावे लागतील. अबोला 'अगं'वर धरलेला आहे. तो ड्युटीतला, म्हणजे घराचा. तो इथेच राहील. कारण 'सुमन'मध्ये आहे. ते खासगी. ते तुम्ही दोघांनी बरोबर न्यायचं."

"म्हणजे आमच्याकडे नुसता अबोला राहिला," हेमलताबाई म्हणाल्या, "आणि त्याला कारणच नाही?"

"बऱ्याच घरांत तसंच असतं, वहिनी."

"आणि आमच्याकडे?" मनोहर टिळ्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे कारण आहे आणि अबोला नाही. म्हणजे तुम्हाला बोलावं लागेल."

"पण आमचा अबोला मिटायचा कसा?" हेमलताबाईंनी कप खाली ठेवले.

"ज्याची चूक असेल त्याने आधी बोलायचं."

"चूक कुणाची?"

"ती कारणाबरोबर गेली," गुळवणी म्हणाले आणि उरलेला चिवडा कागदात बांधून देता का, असं त्यांनी विचारलं.

सुमनबाई आणि मनोहर टिळे त्याच संध्याकाळी बॅगा घेऊन निघाले. फाटकापर्यंत दोघं गप्प होते. मग सुमनबाई काहीतरी म्हणाल्या, मनोहर टिळ्यांनी बॅग खाली ठेवून उत्तर दिलं, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत दोघांचंही एकाच वेळी बोलणं चालू राहिलं. शशिकलावहिनींनी खिडकी पूर्ण उघडली होती, पण वारा उलटा होता.

घरात दोघंच राहिली. हेमलताबाईंनी कुकर लावला. जयसिंगराव खुर्चीत, डावा पाय उजव्यावर. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. हेमलताबाईंना वाटलं, संपलं. आता पुन्हा चहा, पेपर, दिवा. आणि अबोला आहे तोवर तेही नाही.

"गुळवण्यांनी बोलण्यावर बंदी घातली," हॉलमधून आवाज आला. "स्वतःशी बोलण्यावर घातलेली नाही."

हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. जयसिंगराव पंख्याकडे बघत होते.

"माणूस आपल्या घरात स्वतःशी बोलू शकतो," ते पंख्याला म्हणाले. "दुसऱ्याच्या कानावर गेलं तर तो त्याचा प्रश्न. मी दिवसभर विचार करतोय. नियमात कुठेही अडचण दिसत नाही."

हेमलताबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "काही माणसांना," त्या खिडकीला म्हणाल्या, "नियम सापडायला चार दिवस लागतात. आणि नियम पाळायला एक मिनिट पुरतं. बायकोला काय वाटेल याचा विचार करत नाहीत."

"चुकलंच ते," जयसिंगराव पंख्याला म्हणाले.

ही कबुली औपचारिकरीत्या पंख्याला दिलेली होती, त्यामुळे अबोला मिटला नाही. पण जेवताना जयसिंगराव स्वतःशी त्या लोणच्याबद्दल बोलले. वास मोज्यांसारखा आहे, पण चव मागून येते, असं त्यांचं म्हणणं होतं. हेमलताबाई स्वतःशी म्हणाल्या, की हे मत भावाच्या घरी सांगितलं असतं तर भाऊ खूश झाला असता. मग जयसिंगरावांनी स्वतःला आत्याची उरलेली गोष्ट सांगितली. हेमलताबाई स्वतःशीच इतक्या हसल्या, की त्यांनी कंबरेला हात लावला. समोरची खिडकी उघडी होती. "दोघंही भ्रमिष्ट झालीत," शशिकलावहिनींनी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितलं, आणि कट्ट्याला बरं वाटलं. प्रवासातून आलेल्या माणसांना काहीतरी व्हायला हवंच होतं.

असे दिवस गेले. अबोला मिटवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कंबरदुखी हळूहळू कमी झाली. शशिकलावहिनींशी बोलणं चालू राहिलं, आधी दात आवळून, मग नुसतंच. सुमनबाईंना भाजीबाजारात कुणी वेगळ्या नावाने हाक मारली की हेमलताबाई लांबूनच मान हलवत. ओळख द्यायची नाही, असा नियम आहे.

एका सकाळी मनोहर टिळे आणि सुमनबाई अक्षता घेऊन दारात आले.

"लग्न ठरलंय," मनोहर टिळे म्हणाले. "आमचंच. तुम्ही दोघांनी यायचं."

हेमलताबाईंनी सुमनबाईंचा हात धरला. सुमनबाईंनी तो धरू दिला. "किती छान झालं," हेमलताबाई म्हणाल्या. "कधी आहे?"

"येत्या रविवारी. कार्यालय त्याच दिवशी मिळालं." सुमनबाईंनी पदर सारखा केला. "फक्त त्या दिवशी आम्ही नसू. आमची नेमणूक आहे. विठ्ठलगल्लीतले घाडगे पती-पत्नी मुलीकडे जाणार आहेत, त्यांच्या जागी आम्ही असू."

"मग लग्नाला कोण उभं राहणार?"

"आमच्या जागी विभागाने बदली माणसं दिलीत," मनोहर टिळे म्हणाले. "चांगली आहेत. मुलगा जरा नवीन आहे, पण शिकेल."

जयसिंगराव पुढे झाले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. "लग्न मग कुणाचं लागेल?"

"आमचंच. ते फक्त उभे राहणार."

"बरोबर आहे," जयसिंगराव म्हणाले, आणि त्यांनी अक्षता घेतल्या.

रविवारी कार्यालयात गर्दी होती. बरेच लोक स्वतः आले होते. रणनवरे दांपत्य पुढच्या रांगेत बसलं. थोड्या वेळाने विठ्ठलगल्लीतले घाडगे आले आणि शेजारच्या खुर्च्यांवर बसले. घाडगेवहिनींनी जांभळी पैठणी नेसली होती. तिच्यावरचं पोलकं त्यांना जरा मोठं होत होतं, पण घाडगेवहिनी लग्नाला तीच नेसतात.

"नमस्कार, घाडगेवहिनी," हेमलताबाई म्हणाल्या.

"नमस्कार," सुमनबाई म्हणाल्या. "पंखा लागत नाही इथे."

बोहल्यावर नवरानवरी उभी राहिली. नवरी तिशीची असेल, मुंडावळ्या सारख्या करत होती. नवऱ्याला घाम फुटला होता. मध्ये अंतरपाट धरला गेला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. म्हणणाऱ्याचा आवाज बसलेला होता. सुमनबाईंनी मूठ भरून अक्षता घेतल्या होत्या, आणि प्रत्येक 'सावधान'ला त्या थोड्या टाकत होत्या. त्यांचा नेम चांगला होता. मनोहर टिळे अक्षता टाकायच्या विसरले आणि मूठ मिटून तसेच उभे राहिले.

"नवरीचं दुसरं लग्न आहे म्हणे," घाडगेवहिनी समोर बघत म्हणाल्या.

"शोभतंय," हेमलताबाई म्हणाल्या.

"या वयात लोक नावं ठेवत असतील."

"ठेवू देत. माणूस चांगला आहे. हाक मारताना चुकतो, एवढंच."

घाडगेवहिनींनी पैठणीच्या पदराने डोळे टिपले. खऱ्या घाडगेवहिनी लग्नात रडत नाहीत, उलट मांडवाला नावं ठेवतात. ही चूक गुळवण्यांनी मागच्या रांगेतून पाहिली. ते काही बोलले नाहीत, पंख्याखाली जागा शोधायला उठून गेले.

टाळ्या वाजल्या, वाजंत्री वाजली. हार घालून झाल्यावर नवरानवरी थोरामोठ्यांच्या पाया पडायला खाली उतरली. एकेका खुर्चीपुढे वाकत ती घाडग्यांपर्यंत आली. मनोहर टिळे खुर्चीवरून अर्धवट उठले, मग बसले. नवरा त्यांच्या पायांशी वाकला. नवरी सुमनबाईंच्या पायांशी वाकली, आणि सुमनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

"सुखाने राहा," त्या म्हणाल्या. "आणि याला सांग, बायकोला नावाने हाक मार म्हणावं."

"सांगते," नवरी म्हणाली.

तेवढ्यात पानं मांडल्याचं कुणीतरी सांगायला आलं. घाडगे पती-पत्नी लगेच उठले, कारण घाडगे नेहमी पहिल्या पंगतीला बसतात.